आज्ञेआधी वाहणारा प्रवाह : अंबडच्या एका चाचणी-कक्षातील घड्याळ-निवडीचे प्रकरण

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत स्विचगियर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणे, बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांभोवती लहान-मध्यम पुरवठादारांची दाट साखळी उभी आहे. त्यांपैकी अंबडच्या एका कारखान्यात ११ किलोव्होल्टचे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, म्हणजे दोष उद्भवताच वीजप्रवाह तोडणारे स्विच, जुळवले जातात आणि बाहेर पाठवण्यापूर्वी प्रत्येक ब्रेकरची यांत्रिक वेळ मोजली जाते. ट्रिप कॉइलला, म्हणजे ब्रेकर उघडवणाऱ्या विद्युत-गुंडाळीला, आज्ञा मिळाल्यापासून तिन्ही फेजचे संपर्क विलग होईपर्यंत किती मिलिसेकंद गेले आणि तिन्ही फेज एकमेकांच्या किती मागेपुढे विलग झाले, हे दोन आकडे त्या चाचणीचा गाभा आहेत. पहिला आकडा अशा ब्रेकरमध्ये साधारणपणे काही दशक मिलिसेकंदांचा असतो. दुसऱ्यासाठी आयईसी ६२२७१-१०० हे मानक, उत्पादकाने वेगळी मर्यादा ठरवलेली नसल्यास, एका आवर्तनाच्या सहाव्या भागापर्यंतच सूट देते. आपल्याकडे ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही सूट ३.३ मिलिसेकंदांची झाली. पुढच्या सगळ्या विवेचनात हाच आकडा मोजपट्टी म्हणून लक्षात ठेवावा.

हे आकडे टिपण्यासाठी कारखान्याने तयार उपकरण विकत न घेता स्वतःची मांडणी उभी केली होती. दोन प्रोसेसर-सॉकेट (प्रोसेसर-चिप बसवण्याच्या जागा) असलेला, आधी दुसरीकडे वापरून झालेला एक सर्व्हर, त्यात विद्युत संकेत टिपणारी दोन कार्डे, आणि एका कंत्राटदाराने लिनक्सवर लिहून दिलेला प्रोग्राम, एवढीच ती मांडणी होती. पहिल्या कार्डावर ट्रिपची आज्ञा तसेच आर आणि वाय फेजचे संपर्क जोडलेले होते. दुसऱ्या कार्डावर ट्रिप कॉइलमधून वाहणारा प्रवाह आणि बी फेजचा संपर्क. प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला १०,००० नमुने घेतले जात. कार्डांना सामाईक असे स्वतःचे घड्याळ नव्हते, म्हणून नमुना हाती आला की त्या कार्डाचा थ्रेड (प्रोग्रामचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) ज्या प्रोसेसरवर चालू असेल, त्या प्रोसेसरच्या टाइम स्टॅम्प काउंटरमधला, म्हणजे सतत टिक् मोजत राहणाऱ्या टीएससी या गणकातला, आकडा वाचून त्या नमुन्याला जोडत असे. ही कल्पना मुळातच टाकाऊ होती असे मला वाटत नाही. सॉफ्टवेअरने लावलेल्या वेळेत काही दशक मायक्रोसेकंदांची अनिश्चितता राहतेच, पण ३.३ मिलिसेकंदांच्या मर्यादेपुढे ती सहज खपून जाते. अट एकच होती, की दोन्ही थ्रेड ज्या आकड्यांना वेळ समजत आहेत, ते आकडे एकाच शून्यापासून मोजलेले असावेत.

कारखान्याला काय दिसत होते

तक्रार घड्याळाची म्हणून आलीच नव्हती. बी फेज उरलेल्या दोन फेजपेक्षा जवळजवळ ९ मिलिसेकंद आधी विलग होतो, असे अहवाल एका टप्प्यावर वारंवार येऊ लागले आणि मर्यादेबाहेर म्हणून ब्रेकर नापास होऊ लागले. जोडणी विभागाने बी फेजच्या दांड्याची जुळवणी बदलून पाहिली. काही ब्रेकर त्यानंतर पास झाले, काही झाले नाहीत, आणि काही तर कोणताही बदल न करता पुन्हा चाचणी घेताच पास झाले. पुढच्या आठवड्यात तोच फरक वेगळ्या आकड्याने येऊ लागला. तेव्हा संशय साहजिकच सुट्या भागांच्या लॉटवर गेला, कारण लॉटही साधारण आठवड्यालाच बदलत असे. एका लॉटच्या स्प्रिंगा सैल आणि दुसऱ्या लॉटच्या ताठ, असा निष्कर्ष निघून पुरवठादाराला पत्रही गेले होते. जोडणीवरचे एक ज्येष्ठ फिटर मात्र सुरुवातीपासून सांगत होते, “साहेब, दांड्यात दोष नाही. गेजने पाहिलंय, हातानेही पाहिलंय. तिन्ही फेज एकदमच सुटतात.” त्यांच्या बोटांच्या अंदाजाला ९ मिलिसेकंद कळणार नाहीत हे खरे, पण गेजने मोजलेले संपर्कातील अंतर सारखे असताना एकाच शाफ्टवरून चालणारा एक फेज एवढा पुढे पळू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होता.

मी अहवालांच्या मुळाशी असलेल्या कच्च्या नोंदी मागितल्या, आणि त्यांत बी फेजपेक्षाही बोलकी गोष्ट सापडली. नापास ठरलेल्या चाचण्यांत ट्रिप कॉइलमधला प्रवाह ट्रिपची आज्ञा मिळण्याच्या ९ मिलिसेकंद आधी सुरू झालेला दिसत होता. छापील अहवालात हा आकडा येतच नसे, कारण मानक तो मागत नाही. बी फेज आधी विलग होणे हे असंभाव्य असले, तरी अशक्य नाही. आज्ञेआधी प्रवाह वाहणे अशक्य आहे. असंभाव्य आकड्याने कारखान्याला महिनोन् महिने यंत्राच्या मागे धावायला लावले होते, तर अशक्य आकड्याने ब्रेकरला एका क्षणात दोषमुक्त केले. मोजणीची कोणतीही मांडणी उभारताना कार्यकारणाने बांधलेली अशी एखादी जोडी, जिचा क्रम उलटणे कधीच शक्य नाही, मुद्दाम नोंदवून ठेवावी आणि ती अहवालातही छापावी, असे माझे ठाम मत या प्रकरणाने झाले आहे.

पहिला संशय आणि तो का टिकला नाही

कारखान्यातील संगणक पाहणाऱ्या अभियंत्यांचा पहिला संशय एनटीपीवर, म्हणजे जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या व्यवस्थेवर होता. या संशयाला पार्श्वभूमी होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणकांची वेळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी जुळवणे अपेक्षित आहे, आणि त्यासाठी इथल्या सर्व्हरवरही क्रोनी हे एनटीपीचे सॉफ्टवेअर बसवण्यात आले होते. तक्रारी त्यानंतरच्या असल्यामुळे दोहोंचा संबंध जोडला गेला.

पण एनटीपी ज्या थरावर काम करते तो थर वेगळा आहे. कर्नल, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, एखादा हार्डवेअर काउंटर निवडतो, त्याचे टिक् मोजतो, आणि त्यांना एका गुणकाने गुणून नॅनोसेकंदांत उतरवतो. एनटीपी किंवा क्रोनी त्या गुणकाला हलकेच चिमटा काढते, किंवा क्वचित भिंतीवरच्या वेळेला एकदम उडी मारायला लावते. खालच्या काउंटरला ती हात लावत नाही. इथला प्रोग्राम कर्नलला वेळ विचारतच नव्हता; तो थेट प्रोसेसरचा काउंटर वाचत होता. त्यामुळे क्रोनीने काहीही केले असते, तरी त्याच्या आकड्यांवर तसूभरही परिणाम होणे शक्य नव्हते. शिवाय उडीमुळे झालेला फरक एकदा दिसून नाहीसा व्हायला हवा. इथे तो तेवढाच राहून पुन्हा पुन्हा येत होता, आणि एखाद्या चाचणीत चिन्ह बदलूनही येत होता.

गती आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच स्पष्ट करायला हवे, कारण घड्याळ ‘अचूक’ आहे का असे विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा गतीच असते. एखादा स्फटिक दहा लाखांत ५० इतका चुकत असेल, तर दिवसाकाठी ४.३२ सेकंदांचा फरक पडेल आणि त्या सर्व्हरची भिंतीवरची वेळ आठवड्याभरात लाजिरवाणी होईल. पण तोच स्फटिक ५० मिलिसेकंदांचा कालावधी मोजताना फक्त २.५ मायक्रोसेकंद चुकेल. ब्रेकरच्या चाचणीला एवढ्या चुकीने काहीही बिघडत नाही. तिला हवा असतो तो एकच गुण: एका प्रोसेसरने आधी पाहिलेली घटना दुसऱ्या प्रोसेसरच्या आकड्यांतही आधीच राहावी.

निर्णायक प्रयोग

फरक संवेदकांत, तारांत, कार्डांत की प्रोसेसरांत, हे वेगळे काढण्यासाठी ब्रेकर बाजूला ठेवला आणि फंक्शन जनरेटरमधून निघालेला एकच चौकोनी संकेत दोन्ही कार्डांना एकाच वेळी दिला. त्यानंतर टास्कसेट या आज्ञेने प्रत्येक कार्डाचा थ्रेड कोणत्या प्रोसेसरवर चालेल हे बांधून टाकले. दोन्ही थ्रेड पहिल्या सॉकेटवर असताना दोन्ही कार्डांवरची कड काही दशक मायक्रोसेकंदांच्या आत जुळली. दुसऱ्या कार्डाचा थ्रेड दुसऱ्या सॉकेटवर नेताच तोच संकेत त्या कार्डावर जवळजवळ ९ मिलिसेकंद आधी आल्याचे दिसू लागले. थ्रेडांची अदलाबदल केली तेव्हा चिन्ह उलटले. कार्डे एकमेकांच्या खाचेत बसवून पाहिली, तरी फरक कार्डाबरोबर गेला नाही, तो सॉकेटबरोबरच राहिला. दुसऱ्या सॉकेटचा काउंटर पहिल्याच्या मागे होता. सुमारे २.४ गिगाहर्ट्‌झच्या टिक्-गतीने पाहिले, तर ही तफावत दोन कोटी टिक्-पेक्षा थोडी अधिक भरते.

पुनर्चाचणीत तोच ब्रेकर पास का होत होता, याचे उत्तरही यातच होते. थ्रेड कोणत्या प्रोसेसरवर चालवायचा हे शेड्युलर क्षणोक्षणी ठरवतो. दोन्ही थ्रेड योगायोगाने एकाच सॉकेटवर आले की चाचणी निर्दोष होत असे. वेगवेगळ्या सॉकेटवर गेले की बी फेज पुढे पळे. आठवड्यागणिक आकडा बदलण्याचे कारण तर नाशिकच्या औद्योगिक वसाहतींच्या दिनक्रमातच होते. इथल्या अनेक कारखान्यांप्रमाणे या कारखान्याचीही साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. शुक्रवारी रात्री सर्व्हर बंद होई आणि रविवारी सकाळी पुन्हा सुरू होई. प्रत्येक वेळी सुरू होताना दोन सॉकेटांमधली तफावत नव्याने ठरत होती आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तशीच राहत होती. सुट्या भागांचा लॉट आणि काउंटरची तफावत एकाच चक्रात बदलल्यामुळे स्प्रिंगांवर आळ आला होता.

तफावत दिवसभर स्थिर राहते, वाढत नाही, हे मी वेगळे तपासले, कारण निदानाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. वाढत जाणारी तफावत म्हणजे काउंटरांची गतीच वेगळी. ते दोन वेगळ्या स्फटिकांवर चालत असतील किंवा वीज-बचतीच्या फेऱ्यात प्रोसेसरबरोबर त्यांची गतीही बदलत असेल. अशा यंत्रावर टीएससीचा नाद सोडून देणेच योग्य. स्थिर तफावत म्हणजे एकाच गतीने चालणारी, पण वेगवेगळ्या वेळेला लावलेली दोन घड्याळे. हा दोष दुरुस्त होऊ शकतो.

टीएससीची बदनामी कुठून आली

टीएससी हा काउंटर इंटेलच्या पेंटियमबरोबर १९९३ मध्ये आला. तेव्हा बहुतेक संगणकांत प्रोसेसर एकच असे आणि त्याची गतीही ठरलेली असे, म्हणून टिक् मोजणे म्हणजेच वेळ मोजणे ठरले. पुढे वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपली गती बदलू लागले आणि काउंटरही त्यांच्याबरोबर हळू-जलद होऊ लागला. २००५ मध्ये एएमडीचे दोन कोअरचे, म्हणजे एकाच चिपवर दोन प्रोसेसर असलेले, प्रोसेसर बाजारात आले तेव्हा प्रत्येक कोअरचा काउंटर वेगळा चालत असल्यामुळे अनेक प्रोग्राम आणि खेळ कोलमडले, आणि ‘बहुप्रोसेसर यंत्रावर टीएससी वापरू नये’ असा नियमच रूढ झाला. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीने तर एके काळी अशा यंत्रांवर टीएससीला ऋण गुण देऊन त्याची आपोआप निवड होणारच नाही अशी तजवीज केली होती. इंटेलच्या २००८ मधील नेहालेम पिढीपासून काउंटरची गती प्रोसेसरच्या गतीपासून आणि निद्रावस्थांपासून स्वतंत्र झाली. लिनक्सवर प्रोसेसरच्या माहितीत कॉन्स्टंट टीएससी आणि नॉनस्टॉप टीएससी ही दोन निशाणे दिसतात ती याचीच. आमच्या सर्व्हरवर ती दोन्ही होती. पण ही निशाणे गतीची हमी देतात. सगळे काउंटर एकाच शून्यापासून सुरू झाले आहेत याची हमी ती देत नाहीत. जुना नियम आता अर्धाच खरा उरला आहे आणि ही निशाणे म्हणजे अर्धीच खात्री आहे, आणि बरेचसे चुकीचे निर्णय या दोन अर्धवटांपैकी कोणत्या तरी एकावर विसंबून होतात.

लिनक्समध्ये २००६ च्या २.६.१८ आवृत्तीपासून क्लॉक सोर्सची, म्हणजे वेळेसाठी वापरायच्या काउंटरची, निवड एका सामाईक चौकटीत होते. प्रत्येक स्रोताला गुण असतात: टीएससीला ३००, आणि प्रोसेसरबाहेरच्या तीन टायमरांपैकी एचपीईटीला २५०, एसीपीआयच्या पीएम टायमरला २००, जुन्या पिटला ११०. विश्वासार्ह ठरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा स्रोत निवडला जातो. सध्या कोणता निवडला आहे हे कर्नलची माहिती दाखवणाऱ्या सिस-एफएसमधील ‘करंट_क्लॉकसोर्स’ या फाईलमध्ये एका ओळीत वाचता येते. मी ती उघडली तेव्हा तिथे एचपीईटी असे होते, आणि बूटच्या नोंदींत कर्नलने स्वच्छ लिहून ठेवले होते की प्रोसेसरांच्या टीएससीमध्ये इतक्या टिक्-चा व्यत्यास (नंतरचे वाचन आधीच्यापेक्षा लहान येणे) आढळला, म्हणून टीएससीचे घड्याळ बंद करत आहोत. म्हणजे कर्नलला हा दोष प्रत्येक रविवारी सकाळी कळत होता. कर्नलने आपल्यापुरते टीएससी सोडले होते, परंतु काउंटर वाचण्याची आरडीटीएससी ही सूचना सामान्य प्रोग्रामलाही खुली असल्यामुळे कंत्राटदाराचा प्रोग्राम तोच काउंटर बिनदिक्कत वाचत राहिला. बूटच्या नोंदी कोणी वाचत नव्हते.

एचपीईटीने क्रम सुधारला, नमुने हरवले

पहिला उपाय उघड होता. प्रोग्रामने काउंटर थेट वाचणे थांबवावे आणि कर्नलला क्लॉक_गेटटाइम या मार्गाने मोनोटॉनिक वेळ विचारावी. मोनोटॉनिक घड्याळ मागे जात नाही आणि भिंतीवरच्या वेळेला मारलेल्या उड्यांपासूनही अलिप्त असते, त्यामुळे कालावधी मोजायला ते योग्य असते. बदल छोटा होता आणि त्याचा परिणाम तात्काळ दिसला: आज्ञा आणि प्रवाह यांचा क्रम सुधारला, थ्रेड कुठेही गेले तरी. परंतु दुपारी नमुने हरवू लागले. कार्डांचे बफर भरून वाहत होते.

कारण एचपीईटीच्या जागेत आहे. टीएससी प्रोसेसरच्या आतच असतो. तो निवडलेला असताना कर्नल वेळ सांगण्याचे काम व्हीडीएसओ या सामाईक पानातून करतो, कर्नलमध्ये शिरण्याचीही गरज पडत नाही, आणि एक वाचन काही दशक नॅनोसेकंदांत उरकते. एचपीईटी मात्र चिपसेटमध्ये, सर्व प्रोसेसरांत मिळून एकच. त्याच्यापर्यंत जाऊन परतायला साधारण अर्धा ते दोन मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही सॉकेटांवरचे अनेक थ्रेड एकाच वेळी तिथे पोहोचले की रांग लागते आणि हा वेळ आणखी वाढतो. क्रम अबाधित राहतो तो या एकाच खिडकीमुळे, आणि रांगही लागते ती याच खिडकीमुळे. पाच चॅनेल, सेकंदाला १०,००० नमुने, म्हणजे सेकंदाला ५०,००० वाचने, आणि वर डेटाबेस आणि पडद्यावरचे आलेख हेही तेच घड्याळ विचारणार. हा भार एचपीईटीला झेपणारा नव्हता.

पीएम टायमरने काही साधले नसते. तो ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झवर चालतो, पोर्टमधून वाचावा लागतो म्हणून तितकाच संथ असतो, आणि २४ बिटांचा असल्यास दर ४.६९ सेकंदांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. पिटचा तर विचारही करण्याचे कारण नव्हते. (जाता जाता नोंदवण्यासारखे: पिटचा १.१९३१८२ मेगाहर्ट्‌झ, पीएम टायमरचा वरचा आकडा आणि बहुतेक एचपीईटींचा १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झ हे तिन्ही एकाच कुळातले आहेत. अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या उपवाहकाच्या चौपट कंप्रतेचा स्फटिक १९८१ च्या आयबीएम पीसीत वापरला गेला आणि तो वारसा आजही मदरबोर्डांवर टिकून आहे.)

या टप्प्यावर व्यवस्थापनाकडून एक सूचना आली, जी अशा प्रसंगी हमखास येते: बूटच्या ओळीत ‘टीएससी=रिलायबल’ लिहावे आणि मोकळे व्हावे. मी तिला स्पष्ट नकार दिला. या पर्यायाने काउंटर विश्वासार्ह होत नाही. कर्नलची त्यावरची पाळत फक्त थांबते. टीएससी खरोखर जुळलेले आहेत हे अन्य मार्गाने सिद्ध झालेले असताना, आणि पाळतीचा संदर्भ असलेले एचपीईटीच खोटे बोलत असताना या पर्यायाला अर्थ आहे. तशीही प्रकरणे घडतात. चालू यंत्रावर कर्नल दर अर्ध्या सेकंदाने टीएससीची एचपीईटीशी किंवा पीएम टायमरशी तुलना करतो. प्रचंड भाराखाली दोन वाचनांच्या मध्येच खंड पडला तर निर्दोष टीएससीही अस्थिर ठरवला जाऊ शकतो, आणि म्हणूनच २०२१ पासूनच्या कर्नलांमध्ये संशयास्पद वाचन पुन्हा घेऊन पाहण्याची सोय झाली. तेव्हा कर्नलचा ‘अस्थिर’ हा शेरा कोणत्या परीक्षेतून आला हे आधी पाहावे. चालू असताना पाळतीने दिलेल्या शेऱ्याविरुद्ध दाद मागता येते. बूटच्या वेळी प्रोसेसर थेट एकमेकांशी ताडून आढळलेला व्यत्यास मात्र मी जवळजवळ अंतिम मानतो, कारण त्या परीक्षेत तिसरे घड्याळच नसते. एका कुलूपाच्या आड ठेवलेले शेवटचे वाचन दोन प्रोसेसर आळीपाळीने वाचतात, आणि नंतर वाचणाऱ्याला लहान आकडा दिसला की दोष सिद्ध होतो. आमचा शेरा या दुसऱ्या प्रकारचा होता, आणि चौकोनी संकेताच्या प्रयोगाने त्याला स्वतंत्र दुजोराही दिला होता.

चाचण्या थांबू नयेत म्हणून मधल्या काळात दोन्ही कार्डांचे थ्रेड आणि आज्ञा देणारा थ्रेड पहिल्या सॉकेटवर बांधून टाकले. ही तात्पुरती सोय होती, पण ती लबाडी नव्हती. एका सॉकेटच्या आत सर्व कोअरांचे काउंटर जुळलेले आहेत हे तपासूनच ती केली होती.

मूळ कारण

स्थिर तफावत, तीही सॉकेटच्या सीमेवर, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना नवी: या तिन्ही खुणा फर्मवेअरकडे, म्हणजे सर्व्हर सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामकडे, बोट दाखवत होत्या. एकाच मदरबोर्डवरच्या दोन सॉकेटांना रिसेटचा संकेत एकत्र मिळतो, त्यामुळे काउंटर एकदमच शून्यापासून सुरू होतात. नंतर कोणी त्यांत लिहिले तरच ते वेगळे होतात. इंटेलच्या २०१३ मधील हॅसवेल पिढीपासून याचा पुरावा प्रोसेसरमध्येच सापडतो. टीएससी-ॲडजस्ट नावाचे एक रजिस्टर प्रत्येक तार्किक प्रोसेसरला दिलेले आहे आणि काउंटरमध्ये कोणी लिहिले, तर किती फरकाने लिहिले, ते त्यात उमटते. सर्व प्रोसेसरांवर ते वाचून पाहिले: पहिल्या सॉकेटवर सर्वत्र शून्य, दुसऱ्या सॉकेटवर सर्वत्र एकच ऋण आकडा, आणि तो मोजलेल्या तफावतीशी जुळणारा. सुरू होताना फर्मवेअर दुसऱ्या सॉकेटचे काउंटर मागे ओढत होते.

सर्व्हर जुना असल्यामुळे दुरुस्त फर्मवेअर मिळण्याची आशा नव्हती. पण त्यावरचा कर्नलही ४.१० च्या आधीचा होता, आणि मार्ग तिथेच होता. ४.१० पासून लिनक्स सुरू होतानाच हे रजिस्टर तपासतो, फर्मवेअरचा दोष म्हणून नोंद करतो, एका सॉकेटमधील विसंगत मूल्ये जुळवतो, आणि सॉकेटांमध्ये व्यत्यास आढळला तर याच रजिस्टरमधून तो भरून काढून पुन्हा परीक्षा घेतो. कर्नल बदलल्यानंतर बूटच्या नोंदींत तो दोषाचा शेरा दिसला, परंतु टीएससी बंद केल्याचा शेरा गेला, आणि ‘करंट_क्लॉकसोर्स’मध्ये टीएससी आला. कर्नलच्या शब्दावर न थांबता चौकोनी संकेताचा प्रयोग पुन्हा केला: पूर्ण थंड अवस्थेतून सुरू करून, नुसते रिबूट करून, आणि सर्व प्रोसेसरांवर भार टाकून. दोन सॉकेटांमधला फरक मोजणीच्या अनिश्चिततेत विरून गेला. प्रोसेसर एकमेकांशी ताडण्याच्या परीक्षेला एक मर्यादा आहे, हेही अहवालात लिहिले: सॉकेटांमध्ये माहिती पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तो शंभर नॅनोसेकंदांच्या आसपासचा, त्याहून लहान तफावत तिला दिसत नाही. ३.३ मिलिसेकंदांच्या कामाला ही मर्यादा अडत नाही. ज्यांना मायक्रोसेकंदाखालचे क्रम लावायचे आहेत त्यांनी ती विसरू नये.

टीएससी पुन्हा विश्वासार्ह ठरल्यावर प्रोग्रामने तो पुन्हा थेट वाचावा, म्हणजे आणखी थोडा वेळ वाचेल, असा आग्रह कंत्राटदाराने धरला. तो मी मान्य केला नाही. कर्नलमार्गे गेल्यास उद्या काउंटर पुन्हा बिघडला, तर घड्याळ आपोआप एचपीईटीवर जाते. नमुने हरवतील, पण खोटे आकडे येणार नाहीत, आणि हरवलेला नमुना लक्षात येतो. शिवाय नुसती आरडीटीएससी सूचना प्रोसेसर आपल्या सोयीने आधीनंतर पार पाडू शकतो. कर्नलचा मार्ग त्यासाठी लागणारा अडसर स्वतःच घालतो. वाचणारे काही नॅनोसेकंद या कामात कोणालाच नको होते.

आता रविवारी सर्व्हर सुरू झाला की चाचणीपूर्वी एक छोटा प्रोग्राम निवडलेला क्लॉक सोर्स, टीएससी-ॲडजस्टची मूल्ये आणि प्रत्येक दोन प्रोसेसरांमधली ताडणी पाहतो. काही विपरीत आढळल्यास चाचणीचा पडदा उघडतच नाही. प्रत्येक अहवालावर आज्ञेपासून प्रवाहापर्यंतचा कालावधी छापला जातो, आणि कच्च्या नोंदीत प्रत्येक नमुन्यासोबत प्रोसेसरचा क्रमांक राहतो.

जुन्या अहवालांमध्ये हा क्रमांक नसल्यामुळे त्यांतला कोणता खरा आणि कोणता खोटा हे केवळ छापील आकड्यांवरून ठरवणे शक्य नव्हते. दांडा बदलून पास झालेले ब्रेकर ही त्यांतली सर्वांत गंभीर बाजू होती, कारण तिथे चांगल्या यंत्राची जुळवणी खोट्या आकड्यासाठी बिघडवलेली असण्याचा संभव होता. म्हणून जोडणी विभागाच्या नोंदवहीत बी फेजच्या जुळवणीची नोंद असलेला प्रत्येक ब्रेकर, गोदामातला असो वा ग्राहकाकडे गेलेला, परत घेऊन तपासायचा असे ठरले. त्या ज्येष्ठ फिटरांनीच ते दांडे मूळ मापावर आणले आणि मगच त्या ब्रेकरांची नवीन घड्याळावर चाचणी घेतली गेली. स्प्रिंगांच्या पुरवठादाराला पाठवलेले पत्र कारखान्याने लेखी मागे घेतले.